नानांचा ईईजी काढायचाय? विसरण्याच्या आजारात ही तपासणी कधी, कशी आणि कशासाठी करून घ्यायची

जळगावात ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटा नोंदवणाऱ्या तपासणीच्या, टेबलापाशी उभं राहून लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवणं हे माझं रोजचं काम. पूर्वी यायचे ते बहुतेक फिट येणारे पेशंट, आता त्यांच्यात सत्तरीच्या पुढचे नाना, आप्पा, माय असे बरेच दिसतात, आणि सोबत आलेला मुलगा नाहीतर सून हळूच बाजूला घेऊन विचारते, "यात डिमेन्शिया आहे का नाही ते कळेल ना?" डिमेन्शिया म्हणजे विसरण्यासकट एकूण बुद्धीच हळूहळू कमी होत जाण्याचा आजार. आता हे एका वाक्यात सांगायचं तर नाही, एकट्या ईईजीवरून डिमेन्शिया आहे असा शिक्का कोणी मारत नाही, आणि कोणी छातीठोकपणे मारत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पण म्हणून तपासणी वाया जाते असंही नाही. विसरण्यामागे डिमेन्शिया सोडून दुसरंच काही आहे का, डिमेन्शियाच असेल तर तो कुठल्या प्रकाराचा वाटतो, आणि आजच्यापेक्षा वर्षभराने मेंदूची लय किती बदलली, हे तीन प्रश्न घेऊन गेलात तर ईईजी पैसे वसूल करून देतो. फक्त तो नीट काढला पाहिजे, आणि तिथेच सगळी गोची आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आपल्या भागासाठी अजून एक गोष्ट. स्मरणशक्तीच्या ज्या तोंडी चाचण्या असतात त्यात आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य लिहा, हे चित्र काढा असं सगळं विचारतात. शिरपूर-साक्रीकडची जन्मभर अहिराणी बोललेली, शाळेची पायरी न चढलेली माय त्यात अर्ध्या मार्कांवर येते आणि तिला आजार काहीच नसतो. न शिकलेल्या लोकांसाठी बदललेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन नावाची चाचणी आहे, ती मागायला हरकत नाही, पण ईईजीला मुळात भाषाही लागत नाही आणि शाळाही लागत नाही. मशीन एमआरआयच्या मानाने स्वस्त, परत परत काढता येतो, किरणं नाहीत, सुई नाही.

यात नेमकं दिसतं काय

मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलताना अगदी बारीक वीज तयार होते, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागेल इतकी बारीक, ती कवटीवरून पकडून लाटांच्या रूपात स्क्रीनवर दाखवायची म्हणजे ईईजी. मशीन फक्त ऐकतं, डोक्यात काही सोडत नाही. हे मी रोज सांगतो कारण रोज कोणीतरी विचारतंच, "करंट ते नही ना लागस भाऊ?" माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टरने काढला, १९२९ मध्ये छापला, आणि त्यानंतर काहीच वर्षांत डिमेन्शियाच्या पेशंटच्या लाटा संथ होतात हे त्यानेच नोंदवलं. म्हणजे विषय काही नवा नाही.

लाटांचे प्रकार सेकंदाला किती वेळा वरखाली होतात त्यावरून पडतात. सेकंदाला ४ पेक्षा कमी ती डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा. माणूस जागा आहे पण डोळे मिटून शांत पडलाय, अशा वेळी डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लय दिसते आणि डोळे उघडले की ती दबते. ट्रॅक्टर न्यूट्रलला उभा असताना त्याचा आरपीएम ऐकून इंजिनाची तब्येत कळते ना, तसंच आहे हे. तब्येतीच्या म्हाताऱ्या माणसातही ही लय सहसा साडेआठच्या खाली जात नाही, आणि चांगल्या जागेपणी ती ८ च्या खाली येत असेल तर काहीतरी बिघडलंय. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात साधारण क्रम असा की आधी थीटा वाढतो, बीटा आणि अल्फा कमी होत जातात, डेल्टा बराच पुढे जाऊन वाढतो, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांच्या लयींचं एकमेकांशी असलेलं जुळणंही सैल पडतं.

पायरी १: ईईजीच्या आधीची कामं

"साठी बुद्धी नाठी" म्हणून घरोघरी सोडून देतात. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आणि आकडा ८८ लाखांच्या आसपास असा २०२३ मध्ये छापून आलेल्या देशभरातल्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे शंभरातले ९२ लोक म्हातारे झाले तरी त्यांना हा आजार नाही. वय झालं म्हणून होतं असं नाही.

पहिलं काम वहीचं. दोन-तीन आठवडे लिहून काढा, पण "फार विसरतात" असं लिहू नका, त्याचा डॉक्टरला काही उपयोग नाही. केळीच्या गाडीचा हिशोब आयुष्यभर तोंडी करणारे आप्पा आता दोनदा मोजूनही चुकले, वरणगावहून घरी येताना रोजच्या फाट्यावर उतरले नाहीत, भरताला वांगी भाजायला ठेवून माय शेजारी जाऊन बसली, असं लिहा. बाकी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. हे दोन वर्षांपासून हळूहळू आहे का आठ दिवसांत झालं? रोज सारखंच आहे का सकाळी एकदम शहाणे आणि दुपारी कोणालाच ओळखत नाहीत असं चढउतार आहे? अचानक एक-दोन मिनिटं टक लावून बघतात, ओठ चाटल्यासारखं करतात, हाताने कपडा चिवडतात आणि मग विचारलं तर काही आठवत नाही असं होतं का? झोपेत ओरडणं, लाथा मारणं? लहान मुलं, माणसं, जनावरं दिसतात म्हणतात का? टक लावायचा प्रकार असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, तो एक व्हिडिओ माझ्या अर्ध्या तासाच्या रेकॉर्डपेक्षा जास्त सांगून जातो.

दुसरं, रक्ताच्या तपासण्या. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी, लिव्हर. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरं भरपूर आणि त्यात शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह कमी असण्याची शक्यता अजून वाढते. सोडियमचं तर विचारूच नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम काढून टाकणाऱ्या, म्हातारं माणूस जेवत कमी, आणि मग चार दिवसांत माणूस बरळायला लागतं, घरचे म्हणतात डिमेन्शिया झाला. सोडियम भरून निघालं की माणूस परत जागेवर येतो. ते मात्र दवाखान्यातच हळूहळू भरायचं असतं, घरी मीठ-पाणी पाजून नाही.

दोन महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडले होते, तेव्हा काही वाटलं नाही, आता गुंगल्यासारखे वागतात, असं असेल तर ईईजी नंतर, आधी सीटी स्कॅन. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. आणि कान तपासून घ्या, ऐकूच येत नसेल तर लक्षात काय राहणार.

गोळ्यांची यादी करायची म्हणजे चिठ्ठीवरची नाही, घरातली प्लास्टिकची पिशवी उचलून आणा. त्यात मेडिकलवरून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या हमखास निघतात. आल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम असल्या गोळ्यांनी विसरणं स्वतःच वाढतं आणि ईईजीवर बीटा लाटांचं गवत माजतं. पण तपासणी आहे म्हणून आदल्या दिवशी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते.

पायरी २: कुठे काढायचा

फोन करून चार गोष्टी विचारा, लाजू नका. रिपोर्ट न्यूरॉलॉजिस्ट स्वतः बघून देतात का? कमीत कमी २० मिनिटांचा स्वच्छ रेकॉर्ड काढतात का? म्हातारं माणूस आहे, सकाळची वेळ मिळेल का? आणि सगळ्यात शेवटचा पण माझ्या मते पहिल्या नंबरचा प्रश्न, पूर्ण रेकॉर्ड पेनड्राइव्हवर मिळेल का, शक्यतो ईडीएफ फाइलमध्ये. ईडीएफ हा १९९२ पासून चालत आलेला सगळ्या मशीनना समजेल असा फाइलचा प्रकार आहे. रिपोर्टच्या कागदावर दोन ओळी असतात, तुलना करायची वेळ येते तेव्हा त्या दोन ओळींचं काही होत नाही. उद्या मुलगा वडिलांना पुण्या-मुंबईला नेतो आणि तिथले डॉक्टर म्हणतात जुना रेकॉर्ड दाखवा, तेव्हा ही फाइल कामाला येते.

दर गावोगावी वेगळे आहेत, आधी विचारून घ्या, आणि सरकारी मेडिकल कॉलेज जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे, तिथेही चौकशी करून बघा.

पायरी ३: आदल्या दिवशी आणि सकाळी

डोकं शाम्पूने धुवून आणा आणि नंतर तेल लावू नका. हे मी फोनवर दोनदा सांगतो तरी माय खोबरेल चोपडूनच येते, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. तेलावर इलेक्ट्रोड बसत नाही, सिग्नल खराब येतो, मग स्पिरिटने पुसत बसा. मेंदी, डाय लावला असेल तर चालतं. आंबाडा, पिना, गंगावन काढून ठेवा.

उपाशीपोटी आणू नका. एकादशी, चतुर्थी, सोमवार असला तरी त्या दिवशी उपास सोडायला सांगा नाहीतर तारीख बदला, कारण साखर खाली गेली की लाटा आपोआप संथ होतात आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं स्लोइंग. शुगरवाल्यांनी तर इन्शुलिन घेऊन उपाशी यायचंच नाही. चहा रोजच्याइतका, जास्त नाही. झोप रोजच्यासारखी होऊ द्या. फिट येते का हे बघायचं असेल तर डॉक्टर मुद्दाम कमी झोपवून आणायला सांगतात, पण विसरण्यासाठी लय बघायची असेल तर जागरण उलटं नडतं. म्हणून नंदुरबारहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पोचायचं आणि तसंच टेबलावर झोपवायचं असं करू नका, आदल्या दिवशी येऊन नातेवाइकाकडे मुक्काम करा. चष्मा, कानाचं मशीन सोबत घ्या. कवळी असेल तर सांगा. तंबाखूचा बार, सुपारी तोंडातून काढायला लावा, कारण जबड्याच्या हालचालीने सगळ्या स्क्रीनवर काळंकुट्ट होतं.

पायरी ४: टेबलावर

नाकाच्या वरच्या खाचेपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मोजतात, त्याच्या १० आणि २० टक्क्यांच्या अंतरावर खुणा करतात आणि तिथे वाटीसारखे छोटे इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवतात. डोक्यावर १९, कानांना २, शिवाय ग्राउंड. टेप न लावता अंदाजे चिकटवलं तर आजचा आणि पुढच्या वर्षीचा रेकॉर्ड जुळणार कसा? म्हणून टेक्निशियन मोजतोय का ते बघा, आणि मोजत असेल तर घाई करू नका त्याला. मग कातडी आणि इलेक्ट्रोडमधला अडथळा तपासतात, तो ५ किलोओहमच्या खाली असला म्हणजे चांगलं.

आता येते ती गोष्ट जिच्यावर सगळं अवलंबून आहे, पेंग. एसीची खोली, गादी, दुपारची वेळ, डोळे मिटायला सांगितलेले, सत्तरीचा माणूस तीन मिनिटांत पेंगतो. आणि पेंगायला लागला की अल्फा लय विस्कटते, थीटा येतो, म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते सुरुवातीच्या डिमेन्शियासारखंच दिसतं. जागेपणीचा रेकॉर्ड म्हणून पेंगलेला रेकॉर्ड वाचला गेला तर ठणठणीत माणसाच्या नावावर "स्लोइंग" चढतं. म्हणून मी मध्ये मध्ये हाक मारतो, डोळे उघडायला लावतो, दहा सेकंद, परत मिटा, विचारतो "कपाशी कशी शे यंदा?", ते उत्तर देतात, बोलताना स्क्रीन खराब होते ती होऊ दे, गप्प झाले की पुढची मिनिटभराची पट्टी स्वच्छ जागेपणाची मिळते, आणि प्रत्येक वेळी रेकॉर्डवर खूण करतो की आता जागे, आता पेंग, आता डोळे उघडे. नातेवाइकाला मी खोलीत बसवून घेतो. तुम्हाला बाहेर बसवलं तर म्हणा, मी आत गप्प बसतो, हाक मारायला उपयोगी पडेन. माय माझ्या हाकेला दाद देत नाही, पण मुलीच्या आवाजाला चटकन डोळे उघडते.

आपल्या उन्हाळ्याचा अजून एक खेळ. घाम आला की लाटा एकदम रुंद, डुलत डुलत वरखाली जातात, नवखा माणूस त्याला डेल्टा समजू शकतो. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, पंखा डोक्यावर, की घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट रेकॉर्डमध्ये सुरू. हाताला कंप असेल तर तोही सेकंदाला ४ ते ६ वेळा हलतो, म्हणजे बरोबर थीटाच्या घरात, डोकं हलत असेल तर ते थेट रेकॉर्डमध्ये उतरतं. म्हणून कंप आहे का, कुठल्या हाताला, हे आधीच सांगा, मी तसं लिहून ठेवतो.

तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचा आणि लाइटचे फ्लॅश मारायचे हाही नेहमीच्या ईईजीचा भाग असतो. हृदयाचा, दम्याचा त्रास किंवा नुकताच लकवा होऊन गेला असेल तर श्वासाचा भाग करत नाहीत, तुम्ही स्वतःहून सांगा.

सगळं मिळून तासभर धरा. पेस्ट कोमट पाण्याने निघते.

पायरी ५: रिपोर्ट वाचायचा कसा

रिपोर्ट इंग्रजीत असतो, घाबरू नका, चार-पाच गोष्टी शोधा. पहिली, मागची मुख्य लय सेकंदाला किती. आकडा लिहिलेला नसेल तर डॉक्टरला स्क्रीनवर दाखवायला सांगा, सहसा एका पानात १० सेकंद असतात, उभ्या रेघांमधल्या एका सेकंदात किती लाटा बसतात ते तुम्ही स्वतः मोजू शकता. दुसरी, डोळे उघडल्यावर ती लय दबते का. तिसरी, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. चौथी, स्पाइक, म्हणजे फिटकडे बोट दाखवणाऱ्या टोकदार लाटा, आहेत का. पाचवी, जागेपणा नोंदवलाय का, आणि हे नसेल तर बाकी चारही मी जरा सांभाळूनच घेतो.

"डिफ्यूज स्लोइंग" हा शब्द सगळ्यात जास्त घाबरवतो. त्याचा अर्थ एवढाच की सगळीकडे लाटा संथ आहेत. कारण अल्झायमर असू शकतं, सोडियम असू शकतं, थायरॉइड, लघवीचं इन्फेक्शन, गोळ्या, पेंग, काहीही असू शकतं. लिव्हर-किडनी बिघडल्यावर तीन टोकांच्या वेगळ्याच लाटा दिसतात, ट्रायफेजिक म्हणतात, त्या दिसल्या तर डॉक्टर आधी रक्ताच्या मागे लागतात. एकाच बाजूला, एकाच जागी संथपणा असेल तर स्कॅन लागतो.

उलट रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सुटलो असंही नाही. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये ईईजी नॉर्मल असू शकतो. ज्यात आठवणीपेक्षा स्वभाव आधी बदलतो, माणूस चारचौघांत काहीही बोलायला लागतो, त्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर बराच काळ नॉर्मल राहतो. डिप्रेशनमुळे विसरणाऱ्यांचाही नॉर्मल येतो आणि तिथे तो दिलासाच असतो, कारण त्यावर उपचार आहे.

ईईजी जिथे खरंच जोर दाखवतो तो प्रकार म्हणजे लेवी बॉडी डिमेन्शिया. माणसं दिसणं, दिवसागणिक चढउतार, पार्किन्सनसारखी चाल, झोपेत लाथा. यात डोक्याच्या मागच्या भागातली लय ८ च्या खाली घसरते आणि मिनिटामिनिटाला बदलत राहते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ही खूण निदानाला पाठबळ देणारी म्हणून घेतलेली आहे. याचा घरच्यांना प्रत्यक्ष उपयोग काय, तर हा प्रकार असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी माणूस एकदम लाकडासारखा ताठ होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. रात्री भास होतात म्हणून गावातल्या दवाखान्यात शांत करायला नेमकं हेच इंजेक्शन दिलं जाऊ शकतं. त्यामुळे लेवी बॉडीचा संशय लिहून आला तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने हे लिहा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवा.

फार वेगाने, काही आठवड्यांत माणूस खाली येत असेल, अंगाला झटके येत असतील तर क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा दुर्मीळ आजार बघतात, त्यात साधारण सेकंदाला एक अशा टोकदार लाटा ठेक्यात येतात. दुर्मीळ आहे, उगाच गूगल करून जीव घाबरवू नका.

स्पाइकबद्दल थोडं जास्त लिहितो. अल्झायमर असलेल्यांना फिटचा धोका जास्त असतो आणि त्यांची फिट सिनेमातल्यासारखी हातपाय झाडणारी नसते, वर लिहिलेली टक लावायची तीच. काहींना झोपेतून उठल्यावर अर्धा-एक तास काहीच लक्षात राहत नाही, परत परत तेच विचारतात आणि नंतर ठीक होतात, तीही फिट असू शकते आणि गोळीने चांगली आटोक्यात येते. पण पहिल्या साध्या ईईजीत एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, असलेल्यांपैकीही जवळपास निम्म्या लोकांचं काहीच सापडत नाही, म्हणून संशय दांडगा असेल तर झोपेतला किंवा रात्रभराचा रेकॉर्ड काढतात. २०२१ मध्ये छापलेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये अल्झायमरच्या पेशंटना कमी डोसचं लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध दिलं, सरसकट सगळ्यांना फायदा झाला नाही, पण ज्यांच्या रेकॉर्डमध्ये फिटसारख्या लाटा होत्या त्यांची काही चाचण्यांत कामगिरी सुधारली. म्हणजे गोळी सगळ्यांना नाही, पण शोधणं वाया जात नाही. आणि म्हातारपणी टेम्पोरल, म्हणजे कानशिलाच्या आतल्या, भागात अधूनमधून थोडा संथपणा दिसतो, शिवाय फिटसारखे दिसणारे पण निरुपद्रवी असे काही नमुनेही असतात, त्यासाठीच वाचणारा माणूस जाणकार लागतो.

पायरी ६: वर्षावर्षाची तुलना

पहिला रेकॉर्ड म्हणजे पाया. पुढचा सहा महिन्यांनी का वर्षाने ते डॉक्टर ठरवतील, दर महिन्याला काढण्यात अर्थ नाही. पण पुढचा काढताना शक्यतो तेच सेंटर, तसंच मशीन, तीच सकाळची वेळ, त्याच गोळ्या, तसंच खाऊन-पिऊन. मध्ये डोनेपेझिलसारखी डिमेन्शियाची गोळी सुरू झाली असेल तर तारीख लिहून ठेवा, त्याने लय थोडी सुधारू शकते. मागच्या वेळी ९ होती, आता साडेसात आहे, दोन्ही वेळा माणूस चांगला जागा होता, ताप-इन्फेक्शन नव्हतं, तर हा फरक खरा धरायचा. मागच्या वेळी ९ होती आणि आता ८.८, तर जेवायला जा.

क्वांटिटेटिव्ह ईईजी म्हणजे याच लाटांचा कॉम्प्युटरने मांडलेला हिशोब, अल्फाच्या मानाने थीटा किती, रंगीत नकाशे वगैरे. एकाच माणसाची तुलना करायला चांगलाच, पण आत कच्चा माल पेंगेचा आणि घामाचा असेल तर रंगीत नकाशाही पेंगेचाच निघतो. काही मोठ्या सेंटरला पी-थ्रीहंड्रेड करतात, कानात एकसारखे बीप ऐकवतात, मध्येच वेगळा आवाज येतो, तो ओळखल्यावर तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूत एक लाट उठते, ती वयाबरोबर आणि डिमेन्शियात उशिरा येते. बहिऱ्या माणसाचा आधी कान बघावा लागतो.

आणि ते एआय. चार वायरींचा पट्टा डोक्याला लावा, पाच मिनिटांत डिमेन्शिया ओळखा, अशा जाहिराती आता मोबाइलवर फिरतात. संशोधन खरंच चालू आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे, पण ठरावीक निवडक पेशंट आणि निवडक निरोगी माणसं यांच्यात फरक सांगणं वेगळं, आणि तुमच्या नानांना शुगर, कमी ऐकू येणं, झोपेची गोळी आणि बी-ट्वेल्व्ह एवढं सगळं असताना सांगणं वेगळं. असल्या पट्ट्यावर पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे रक्त तपासणी आणि कानाच्या मशीनला घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबायचं नाही अशी वेळ

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस एकदम बदलला, सतत गुंगीत आहे, ताप आहे, नजर एकाच बाजूला, ओठ-पापणी सारखी फडफडतेय, तर ईईजीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या. आतल्या आत फिट चालूच राहणं हा प्रकार असतो, बाहेरून हातपाय हलत नाहीत, आणि तो ओळखायला तातडीचा ईईजीच लागतो.

घरी सांभाळणाऱ्यांसाठी दोन नंबर, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेलाही दुसरा नंबर लागू आहे, फक्त पेशंटलाच नाही.

फाइलमध्ये क्रमाने लावा: वही, गोळ्यांची यादी, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन, ईईजीचा रिपोर्ट आणि त्यावर पेनाने तुम्ही स्वतः लिहिलेलं, किती वाजता काढला, रात्री किती झोपले होते, काय खाल्लं होतं, कंप होता का. पेनड्राइव्ह त्याच फाइलच्या खिशात. पुढच्या वेळी या दोन्ही गोष्टी घेऊन या, नुसता मोबाइलमधला रिपोर्टचा फोटो दाखवला तर मला काही तुलना करता येत नाही.